रियाजवही, महिना चौदावा: एकच ओळ, दोन गिटारी

ही वही पेडल स्टीलच्या रियाजाची: आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची आणि पायाखालच्या पेडलांनी सूर बदलणारी गिटार. मागच्या महिन्याची तक्रार आधी निकालात काढतो. तिसरी तार पाच आठवड्यांत चार वेळा तुटली होती आणि मी तारांच्या पाकिटाला दोष देत बसलो होतो. दोष निघाला चेंजरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर तारेचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेचा. तार ज्या ॲल्युमिनियमच्या बोटावरून वळते, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने केसाएवढी खाच पडली होती. अगदी बारीक पॉलिश पेपरने ती जागा लख्ख होईपर्यंत घासली, तेव्हापासून एकही तार गेलेली नाही. ०.०११ इंचाची तार २४ इंच लांबीवर एवढ्या उंच पट्टीला चढवली, की ती तशीही तुटायच्या बेतातच असते. तिला खाच कुठून सोसणार?

आता या महिन्याची खरी बातमी. तीन आठवड्यांसाठी माझ्या घरात एमन्स कंपनीची, पुश-पुल जातीची पेडल स्टील आली आहे. आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला, आणि ही गिटार जिथे बनली ते बर्लिंग्टन इथून तासाभराच्या अंतरावर. साठच्या दशकात बडी एमन्स आणि रॉन लॅशली यांनी तिथे या गिटारी बनवायला सुरुवात केली. माझ्याकडे आली आहे ती एका सत्तरी ओलांडलेल्या वादकाची, त्यांनी ती तरुणपणी घेतलेली. आमच्या महिन्याच्या बैठकीत मी त्यांना सतत चेंजरबद्दल छळत असतो. शेवटी त्यांनी गिटारीची पेटी माझ्या गाडीत ठेवली आणि सांगितलं, विचारण्यापेक्षा वाजवून बघ. मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागे जातो. ई-नाईन मेळात, म्हणजे दहा तारा लावायच्या रुळलेल्या पद्धतीत, ई हा सा धरला, तर पहिल्या तारेपासून दहाव्यापर्यंत सूर असे लागतात: रे, नि, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नि, प. ए पेडल दाबलं की दोन्ही पंचमांचे धैवत होतात, बी पेडलने दोन्ही गंधारांचे मध्यम. दोन्ही पेडलं एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, आणि सा जागचा हलत नाही. मींड आपण जन्मभर ऐकत आलो. पण एक सूर स्थिर उभा आहे आणि त्याच्या शेजारचे दोन त्याला धरून वर सरकताहेत, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबलो होतो.

हा परिणाम लोकांच्या कानावर आला १९५४ मध्ये, वेब पिअर्स या कंट्री गायकाच्या ‘स्लोली’ या गाण्यामुळे. त्यात बड आयझॅक्सने पॉल बिग्स्बीने बनवलेली गिटार वाजवली, आणि तिच्या एकाच पेडलने दोन्ही बदल एकत्र व्हायचे. पुढे एमन्सने ते दोन बदल दोन पेडलांवर वाटून घेतले. म्हणजे फक्त गंधार उचला, फक्त पंचम उचला, किंवा एक आधी आणि दुसरा मागाहून. आज ए आणि बी पेडलांवर पाय आलटून-पालटून जी वाक्यं आपण घोटतो, ती सगळी त्या वाटणीतून निघाली. वाद्यात एक दांडी वाढली आणि गाण्याची भाषा बदलली. १९६२ मध्ये त्याने वरच्या बाजूला रे आणि नि च्या दोन तारा घातल्या, तेव्हाही तसंच झालं.

तर मूळ प्रश्न. माझी गिटार ऑल-पुल जातीची आहे, तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायच्या चार कळा. हिच्या चेंजरमध्ये प्रत्येक तारेचं बोट एकसंध नसतं. सूर चढवणारा भाग वेगळा, उतरवणारा वेगळा, आणि उतरवलेला भाग परत आणायला स्प्रिंग. जुळवायला सोपं, म्हणून आज बहुतेक कारागीर याच पद्धतीने बनवतात. पुश-पुलमध्ये बोट अखंड असतं, आणि पेडल दाबलेलं नसताना तारेच्याच ताणाने ते गिटारीच्या अंगाला घट्ट टेकून राहतं. तिचे चाहते म्हणतात, नाद तिथूनच लाकडात उतरतो. जुळवणी मात्र किचकट. एक स्क्रू फिरवला की दुसरीकडचा सूर हलतो.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण मी मिरजेचा. लहानपणी वडिलांबरोबर सतारमेकरांच्या दुकानात तासन्‌तास बसलोय. तोच तानपुरा, त्याच तारा, आणि कारागीर घोडीवर कानस दोनदा फिरवतो, दोरा जरासा सरकवतो, की मघाशी मुका असलेला खर्ज घुमायला लागतो. तार कशाला टेकते यावर तिची आस, म्हणजे सूर किती टिकतो ते ठरतं, हे मला पेडल स्टीलच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. त्याचा इथे उपयोग होईल एवढं सुचलं नव्हतं.

प्रयोग असा केला. दोन्ही गिटारींवर एकाच पाकिटातल्या नव्या तारा. तोच टोन बार, त्याच नख्या, तेच व्हॉल्यूम पेडल, तोच १५ इंची स्पीकरचा अँप, एकही बटण न हलवता. ओळही एकच: तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटच्या खुणेवर) आठवी, सहावी, पाचवी तार, ए आणि बी पेडल, मग आठव्या पट्टीवर पेडलं सोडून तोच स्वरमेळ, आणि शेवटी अकराव्या पट्टीवर ए पेडल आणि ई चा एफ करणारी कळ. तीन ठिकाणी एकच सी मेजर, तीन वेगवेगळ्या रंगांत. पाच दिवस रोज दहा वेळा वाजवून ध्वनिमुद्रण केलं.

पहिल्या दिवशी फारसा फरक ऐकू आला नाही, आणि मी खरंच खट्टू झालो. वरच्या तारांवर तर डोळे मिटून मला गिटार ओळखता आली नाही. फरक सापडला तो खाली, आठव्या ते दहाव्या तारेवर. एमन्सवर खालचा सा सुटला की त्याच्याभोवती एक गोलाई येते आणि ती विरतानाही सूर पातळ होत नाही. माझ्या गिटारीवर तोच सा आधी झणकतो आणि लवकर बारीक होतो. पेडल दाबल्यावर अंगच किंचित वाकतं आणि न बदललेल्या तारा उतरतात, तेही मोजलं. ए-बी दाबल्यावर माझ्याकडे आठवी तार सहा सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरते, एमन्सवर तीन. गंधार आपण शुद्ध लावतो, म्हणजे पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तिथे. एवढ्या नाजूक जुळणीत षड्जच सहा सेंट घसरला, तर कान टोचतोच.

पण खरी गोष्ट तिसऱ्या दिवसाच्या मुद्रणात सापडली, आणि ती मोजपट्टीत बसणारी नव्हती. एमन्सवर माझा हात बदलला होता. सूर टिकतोय म्हटल्यावर मी तार उशिरा मुकी करायला लागलो होतो. तळहाताची कड तारांवर टेकायच्या आधी अर्धी मात्रा जास्त जात होती. तिची पेडलं माझ्या पेडलांपेक्षा जड आहेत आणि लांब जातात, त्यामुळे पाय सावकाश उतरत होता आणि ग वरून म वर जाणारी मींड रुंद झाली होती. आणि आस भरून काढायला मी एरवी व्हॉल्यूम पेडल जेवढं पुढे ढकलतो, त्याच्या निम्मंही ढकलत नव्हतो. माझ्या गिटारीवरचा जो ‘माझा’ आवाज मी समजत होतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे पटकन विरणाऱ्या सुराला सावरण्याची माझी धडपड होती.

यानंतर जुनी मुद्रणं वेगळी ऐकू यायला लागली. स्नीकी पीट क्लाइनोवचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. १९६९ मध्ये फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स या बँडबरोबर त्याने जे वाजवलं ते आठ तारांच्या फेंडर ४०० वर. कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, तोवर दहा तारांचा ई-नाईन मेळ रुळला होता, आणि याचा मेळ बी-सिक्स. पेडलांची ओढ केबलने जाणारी, आवाज कोरडा आणि धारदार, वर त्याने फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं उपकरण, लावलेलं. नॅशव्हिलच्या वादकांच्या पायाखाली जी वाक्यं आयती यायची ती त्याच्या पायाखाली येतच नव्हती, आणि त्याच्या पायाखाली येणारी दुसऱ्या कुणालाच मिळत नव्हती. हा माणूस गम्बीसारख्या मालिकांसाठी चौकट-चौकट हलवून ॲनिमेशन करायचा हे कळल्यावर त्याची ती तुटक, अनपेक्षित जागी वळणारी वाक्यं मला आणखी आवडायला लागली.

लॉइड ग्रीन अगदी दुसऱ्या टोकाला. शो-बड कंपनीच्या गिटारीवर वाजवलेली त्याची एकेक तार मोत्यासारखी सुटी ऐकू येते. त्याच्या नावाने शो-बडने जे एलडीजी मॉडेल काढलं, त्याचं अंग दोन गळ्यांच्या (दोन मेळांसाठी तारांचे दोन संच असलेल्या) गिटारीएवढंच रुंद, पण दुसऱ्या गळ्याच्या जागी हात टेकायला गादी. मला ही गादी फार मोलाची वाटते. दुसरा मेळ नको, पण ते रुंद लाकूड हवं आणि हाताला विसावा हवा, हे त्याने ठरवलं. विसावलेल्या हाताचा फटका वेगळाच पडतो. गेल्या रविवारी मी घडी केलेला पंचा माझ्या गिटारीच्या कडेला ठेवून वाजवलं, आणि नखीचा खट्‌ आवाज पहिल्याच ओळीत कमी झाला.

दुसऱ्या शनिवारी आजोबा घरी आले. पत्नीने केलेले कांदेपोहे त्यांनी दोनदा मागून घेतले. मग मी त्यांना माझी ऑल-पुल वाजवायला दिली. वरच्या तारांवर ते तेच, ओळखीचे. खाली गेल्यावर मात्र त्यांनी दोनदा भुवया उंचावल्या, आणि तिसऱ्या फेरीत खालच्या तारा सोडूनच दिल्या. न बोलता सगळं वाक्य एक सप्तक वर नेलं. दहा मिनिटांत त्यांनी त्या गिटारीसाठी वेगळं गाणं शोधलं होतं. मी चौदा महिने तिच्याकडून जे मागत होतो ते तिच्याजवळ नव्हतं, आणि जे होतं ते मी मागितलंच नव्हतं.

एमन्स घेण्याइतके पैसे आत्ता नाहीत, आणि असते तरी या वर्षी घेतली नसती. येत्या शनिवारी ती बर्लिंग्टनच्या वाटेने परत जाईल. त्याआधी एक काम उरलंय: माझ्या गिटारीची सहावी तार ०.०२० ची साधी आहे, तिथे ०.०२२ ची गुंडाळलेली लावून बघायची आहे. मधल्या गंधाराला थोडं अंग येईल असा माझा अंदाज आहे. बी पेडलची ओढ नव्याने जुळवावी लागेल, त्यासाठी गिटार उलटी करून खालच्या दांड्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. ज्यांनी ही अदलाबदल केली आहे, त्यांनी सूर उतरवणाऱ्या कळेचं काय झालं ते जरूर कळवा.