यूसीचा प्रवेश, एच-४ आणि इन-स्टेट रेसिडेन्सी : माझा अनुभव

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) इन-स्टेटचा, म्हणजे आपण राज्यातले रहिवासी धरले जातो का हा, प्रश्न दोनदा येतो: एकदा प्रवेशाच्या वेळी, एकदा फीच्या वेळी. अर्ज वाचतं अॅडमिशन ऑफिस. फी ठरवतो रजिस्ट्रारकडचा रेसिडेन्स डेप्युटी. पहिल्या ठिकाणी कॅलिफोर्नियाचे म्हणून गणले गेलो म्हणजे दुसरीकडेही काम झालं, असं नाही. मुलीच्या प्रवेशात या दोन्ही पायऱ्या चढल्या. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या घरांत या विषयावर बरंच ऐकीव ज्ञान फिरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रवेशापुरता फरक थोडक्यात सांगतो. ए-जी विषयांत (यूसीने ठरवलेले शाळेतले आवश्यक विषय) कॅलिफोर्नियातल्या मुलांना किमान ३.० जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो, बाहेरच्यांना ३.४. राज्यातल्या किंवा आपल्या शाळेतल्या वरच्या ९ टक्क्यांत असलेल्या मुलाला, अर्ज केलेल्या कॅम्पसवर जागा मिळाली नाही तर, जिथे जागा शिल्लक असेल अशा दुसऱ्या कॅम्पसवर यूसी सामावून घेते. ही सोय फक्त कॅलिफोर्नियाच्या मुलांना. शिवाय २०१७ मध्ये रीजंट्सनी (यूसीचं नियामक मंडळ) बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणावर बहुतेक कॅम्पससाठी १८ टक्क्यांची मर्यादा घातली. इतर राज्यांतही स्थानिकांना झुकतं माप आहेच: २०२६ च्या फॉलपासून यूटी ऑस्टिनचा आपोआप प्रवेश टेक्ससच्या शाळांतल्या वरच्या ५ टक्क्यांना आहे, आणि जॉर्जिया टेकची अर्ली अॅक्शनची (लवकरच्या अर्जांची) पहिली फेरी जॉर्जियाच्या मुलांपुरतीच असते.

खरी कसोटी फीची. २०२५-२६ मध्ये नव्याने दाखल होणाऱ्या बाहेरच्या पदवीच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७,६०२ डॉलर जास्तीचे होते.

मे महिन्यात प्रवेश स्वीकारला की पोर्टलवर ‘स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स’ भरायचं असतं. हा फॉर्म आपणहून भरावा लागतो. तो राहिला तर यूसी मुलाला बाहेरचं धरून बिल पाठवते. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: ठरलेल्या तारखेआधी ३६६ दिवस कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष वास्तव्य, इथेच राहायचा हेतू, आणि तसा हेतू बाळगू देणारा व्हिसा. एच-१बी आणि एच-४ यात बसतात, त्यासाठी ग्रीन कार्डच लागतं असं नाही. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) बसत नाही. मूल २४ वर्षांखालचं आणि आईवडिलांवर अवलंबून असेल, तर निदान एका पालकानेही या अटी स्वतः पूर्ण करायला हव्यात.

वास्तव्य दाखवणं सोपं आहे. लीज, विजेची बिलं, पगाराच्या स्लिपा, मुलाचा शाळेचा ट्रान्सक्रिप्ट. अडतं ते हेतूपाशी, कारण तिथे कागदावरची तारीख बघतात. ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, टॅक्स रिटर्न हे सगळं ३६६ दिवसांच्या सुरुवातीलाच कॅलिफोर्नियाकडे वळलेलं हवं. घर ऑगस्टमध्ये घेतलं, मूल शाळेत गेलं, पण गाडी फेब्रुवारीपर्यंत न्यू जर्सीच्या नंबर प्लेटवरच फिरत राहिली, तर वर्ष कुठून मोजायचं हा वाद उभा राहतो. न्यू जर्सीचं रजिस्ट्रेशन हा जुन्या राज्याशी टिकवलेला धागा समजला जातो. मतदार नोंदणी आपल्याला लागू नाही, म्हणून लायसन्स आणि टॅक्स यांचं वजन आणखी वाढतं.

टॅक्सचा कागद नीट समजून घ्या. वर्षभर इथे राहिलेला माणूस फॉर्म ५४० भरतो. वर्षाच्या मध्ये आलेला ५४०एनआर भरतो, पार्ट-इयर रेसिडेंट म्हणून. पार्ट-इयर असण्यात काही गैर नाही. पण त्यात लिहिलेली येण्याची तारीख लीजशी आणि लायसन्सशी जुळली पाहिजे. सॉफ्टवेअर ही तारीख एकदाच विचारतं आणि घाईत अंदाजे टाकली जाते. दोन वर्षांनी तोच आकडा डेप्युटीसमोर असतो. एक पालक नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात राहत असेल, तर कॅलिफोर्नियातल्या पालकाच्या नावावर लीज, लायसन्स आणि रिटर्न असं पूर्ण साखळीने दाखवा. अर्धे कागद एकाचे, अर्धे दुसऱ्याचे, असं चालवून घेतलं जात नाही.

सोबत आय-७९७ (व्हिसा-दर्जाच्या मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) सगळ्यांचे जोडा. व्हिसा-दर्जाचं एक्स्टेन्शन प्रलंबित असेल तर त्याची रिसीट नोटीसही.

आपल्या मुलांसाठी सगळ्यात नाजूक गोष्ट वयाची आहे. एच-४ वर २१ वर्षांपर्यंतच राहता येतं, आणि ग्रीन कार्डची भारतीयांची रांग पाहता बऱ्याच मुलांना कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एफ-१ वर जावं लागतं. सुरुवातीला मिळालेली इन-स्टेट फी त्यानंतर टिकेल, असं गृहीत धरून पैशांचा हिशोब मांडू नका. फेडरल आर्थिक मदत एच-४ ला मुळातच नाही. वकिलाकडे चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्टखालचं (ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय मोजण्याचा कायदा) वय आधी काढून घ्या, कारण आय-१४० (नोकरीवरच्या ग्रीन कार्डचा अर्ज) जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस त्यात वजा होतात. पण प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली तारीख) चालू झाली, म्हणजे आपला नंबर लागला, तरच त्याचा उपयोग. एफ-१ वर जाण्याचा आय-५३९ (व्हिसा-दर्जा बदलाचा अर्ज) भरण्यापूर्वी रेसिडेन्स डेप्युटीला ईमेलने विचारा, फोनवर नको, आणि आलेलं उत्तर फाइलला ठेवा.