आवाज थोडा मोठा पाहिजे होता

‘छान झालं. आवाज थोडा मोठा पाहिजे होता.’ वर्गातल्या कुठल्याही प्रेझेंटेशनवर हे वाक्य चालतं. विषय सोयाबीन असो, मोबाईलचं वेड असो, नाहीतर झोप. आमच्या लातूरच्या कॉलेजात मुलं असले रोजचे विषय घेऊन फळ्यासमोर उभी राहतात आणि बाकीच्यांनी चिठ्ठीवर प्रतिक्रिया लिहायची असते. चिठ्ठ्या गोळा केल्या की जिकडंतिकडं आवाजच. काही चिठ्ठ्या तर बोलणारा उठायच्या आधीच लिहून तयार असतात.

पोरं ऐकत नाहीत असं नाही. उद्या आपली पाळी आहे, हा हिशेब पक्का असतो. तू माझ्या स्लाईडला नावं ठेवू नको, मी तुझ्या ठेवत नाही. त्यात गुण मास्तरच्या हातात. मग आवाज बरा. तो कुणाला लागत नाही.

झोपेवर बोलायला आलेली औशाकडची मुलगी तयारीची होती. शरीरातलं घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं, इथून तिची सुरुवात. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पण त्याच वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून लवकर पडलं तरी डोळा लागत नाही. संध्याकाळी कॉफी घेतली तर पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. शेवटच्या स्लाईडवर मोठा चंद्र आणि खाली आदेश: रोज रात्री दहाला झोपा.

मागच्या बाकावरून रेणापूरचा एकजण उठला. “म्हणायला सोपंय. आमच्याकडं ह्या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची हाय. हरभऱ्याला पाणी द्यायचंय. दहाला झोपलो तर मोटार काय तुझा चंद्र चालू करतो का?”

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही, वही काढून लिहायला लागली. मग इतरांनाही कंठ फुटला. एकाचा रूममेट मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेचा रिपीटर. तो अभ्यासिकेतून बाराच्या आत आला तर रूमवरचे विचारतात, तब्येत बरी नाही का. एक मुलगी पत्र्याच्या खोलीत राहते. मे महिन्यात तिथं मध्यरात्रीपर्यंत पत्रा तापलेलाच, तिथं कसलं मेलाटोनिन!

“मग दुपारी झोपून भरून काढायचं,” असं झोपेवर बोललेली मुलगी जरा दबकत म्हणाली.

“दुपारी? अन् हजेरी? सर, तुम्ही लावता का?”

मी काय बोलणार! गुणांच्या तक्त्यात आवाज, मुद्देसूदपणा, वेळ असे रकाने आहेत. नेमकं अडवून विचारणाऱ्यासाठी रकाना नाही. शेवटी मुद्देसूदपणाखाली त्या रेणापूरच्या पोराच्या नावावर दोन गुण मांडून टाकले. त्याचं स्वतःचं प्रेझेंटेशन अजून व्हायचं होतं. नियमात बसत नाही, पण बसवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शेवटची स्लाईड बदलून घेऊन आली. चंद्र गेला होता. त्या जागी दोन रकाने: दिवसाच्या लाईटीचा आठवडा, रात्रीच्या लाईटीचा आठवडा. पहिला भरगच्च भरलेला. दुसऱ्याखाली एवढंच: रेणापूरवाल्याला विचारून सांगते.