लेग डे आणि लोटांगण

दुसऱ्याच्या फोनमधल्या प्लेलिस्टांची नुसती नावं वाचत बसणं हा एक फर्स्ट क्लास टाइमपास आहे. गाणी ऐकायचीसुद्धा गरज नाही. आमच्या लेकीच्या फोनमध्ये 'लेग डे' (म्हणजे जिममधला पायांच्या व्यायामाचा दिवस) आहे, 'पेपरच्या आदल्या रात्री' आहे, 'रडू' आहे आणि 'रडू २' आहे. हे दुसरं कशासाठी, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी मुकाट भाजी चिरायला घेतली. नवऱ्याच्या फोनमध्ये एकच यादी. तिचं नाव 'गाणी'. भीमसेन, आशाबाई, नव्वदीतला हिंदी पॉप, मध्येच एखादं स्तोत्र, सगळं एकापाठोपाठ. दाढी, इस्त्री, ट्रेडमिल, सगळ्याला तेच. त्याचं छान चाललेलं असतं. मला मात्र चालायला वेगळी गाणी लागतात, वजनं उचलायला वेगळी, आणि ऑफिसातून डोकं पिकवून आल्यावर तिसरीच.

यातली चालायची यादी सगळ्यात सोपी, कारण पायांना मूड नसतो. पायांना ठेका लागतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा एक फेरा १.१७ किलोमीटरचा. भरभर चालणारा माणूस मिनिटाला साधारण १२० पावलं टाकतो. गाणं लावायचं, घड्याळात बघून पंधरा सेकंद ठेके मोजायचे, चारने गुणायचं. १२०च्या आगेमागे आलं की गाणं पास. पळणाऱ्यांची पावलं १६० ते १८०पर्यंत जातात, पण म्हणून तेवढ्या घाईचं गाणं शोधत बसायला नको. नव्वदचं घ्यावं आणि एका ठेक्यात दोन पावलं टाकावीत. तबलजी याला सरळ दुगुन म्हणेल आणि पुढच्या कामाला लागेल.

माझ्या मते चालायला कोळीगीतांसारखं काही नाही. सहा मात्रांचा ठेका, तीन-तीनचे दोन भाग, एकात डावा पाय, एकात उजवा, आणि मध्ये कमरेला जो हेलकावा बसतो तो वर फुकट. रूपक तालातलं भावगीत मात्र कितीही लाडकं असलं तरी पार्कात लावू नये. त्याच्या मात्रा सात. मात्रेला एक पाऊल धरलं तर पहिली सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, डाव्या पायावर येते, पुढची उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर. कानाला ते फार सुंदर लागतं, पण पाय दर आवर्तनाला विचारात पडतात, आणि तेवढ्यात मागून स्पोर्ट्स शूज घातलेले ज्येष्ठ नागरिक पुढे निघून जातात. एका काकांनी तर जाता जाता 'पाय मुरगळला का हो?' अशी आपुलकीने चौकशी केली होती.

ठेक्याच्या या हिशेबावर रीतसर संशोधन झालेलं आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी खेळ आणि संगीत याच विषयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. व्यायामाला मिनिटाला १२० ते १४० ठेक्यांची गाणी बहुतेकांना मानवतात, त्याच्या वर वेग नेला तरी फायदा तसाच वाढत जात नाही, हे अशा अभ्यासांतून पुढे आलं. दुसरी गोष्ट मला जास्त पटली: हलक्या किंवा मध्यम व्यायामात गाण्यामुळे दमणूक कमी जाणवते, पण जीव खाऊन करायच्या व्यायामात शरीराचाच आरडाओरडा इतका वाढतो की गाण्याकडे लक्ष राहत नाही. मुंबई मॅरेथॉन धावणारी माझी एक मैत्रीण म्हणते की परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला की ती इअरफोन काढून खिशात टाकते. तिथे यादी कामाची नाही. तिथे रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असलेली पोरं आणि कुणीतरी बडवत असलेला ढोल, यांच्या जिवावर चढायचं.

याहून जुना पुरावा सायकलवाल्यांचा. १९११ साली लिओनार्ड एअर्स यांनी न्यूयॉर्कमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीतले आकडे छापले होते. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल, बँड थांबला की १७.९. आणि १९९८मध्ये बर्मिंगहॅमला इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासी या धावपटूने इनडोअर दोन हजार मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियमच्या लाउडस्पीकरवर त्याचं आवडतं पॉप गाणं लावलेलं होतं. गाण्याचा ठेका त्याच्या पावलांशी जुळायचा. म्हणजे विश्वविक्रमाच्या दिवशीही यादी नीट लावलेली बरी.

आपल्याकडच्या बायकांनी हे स्टॉपवॉचशिवाय जमवलं होतं. जात्यावर समोरासमोर दोघी बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात, एकीने ओळ उचलायची, दुसरीने धरायची. जिममध्ये आता हात ओढायचं यंत्र असतं, त्यावर पाच मिनिटं बसून बघा म्हणजे पहाटे पायलीभर दळण काढणं हा काय व्यायाम होता ते कळेल. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत. मला त्यांत नवल वाटतं ते याचं की दगडाची चाल तीच, पण तिच्यावर भाऊ आहे, माहेर आहे, सासूचं गाऱ्हाणं आहे, विठोबा आहे, बाबासाहेबही आहेत. व्यायामाची यादी वेगळी आणि मनाची वेगळी, अशी कप्पेबंद व्यवस्था त्या बायांनी केली नव्हती. हात दळत होते, तोंड मन मोकळं करत होतं.

आमच्या अ‍ॅपवाल्यांना मात्र कप्पे फार आवडतात. उघडलं की चौकोनच चौकोन: आनंदी, उदास, एकाग्र, निवांत, पावसाळी. पावसाळी चौकोनावर वाफाळत्या चहाचा फोटो आणि आत ओळीने प्रेमगीतं. ही यादी करणाऱ्याला सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी उभी राहिल्यावर येणारा मूड ठाऊक नसावा. रुळांवर पाणी, दारातून येणारी झड, शेजारणीच्या छत्रीचं टोक आपल्या पिंढरीत, आणि अनाउन्समेंट करणारी बाई 'खेद आहे' म्हणतेय. या प्रसंगी 'रिमझिम' हा शब्द असलेलं गाणं लागलं तर माणूस फोन खिडकीबाहेर फेकेल. रविवारच्या मेगाब्लॉकचा चौकोन नाही, पाहुणे उठत नाहीत त्या संध्याकाळचा नाही, पगार झाला आणि त्याच दिवशी संपला त्या मूडचा तर नाहीच नाही.

वेळेनुसार गाणं लावायची कल्पना आपल्याला नवीन नाही. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले संगीतशास्त्री विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांच्या वेळांचा सगळा हिशेब व्यवस्थित मांडून ठेवलाय: दुपारी बारा ते रात्री बारा हे पूर्व राग, पुढचे बारा तास उत्तर राग, आणि दिवस-रात्र एकमेकांना भेटतात तेव्हाचे संधिप्रकाश राग. त्यातला मारवा संध्याकाळचा. या रागात पंचम, म्हणजे 'प', नाहीच, आणि षड्ज, म्हणजे 'सा'सुद्धा असा हात राखून वापरायचा की गाणं घरी पोचतंय असं वाटता वाटता पुन्हा बाहेरच राहतं. मारव्याच्या वेळेला मुंबईकर कुठे असतो? दादरच्या पुलावर. पुढे सरकत नाही, मागे फिरता येत नाही. भातखंडे वकिलीही करत असत. त्यांच्या काळी दादरला एवढी गर्दी नव्हती, तरी हा राग त्यांनी बरोबर त्याच वेळेला ठेवला. मी एकदा गर्दीत मारवा लावून पाहिला. मन रमवायला लावला होता, पण तो गर्दीत सामील झाला, आणि का कोण जाणे, मला बरं वाटलं.

हे बरं का वाटतं, याला संगीतोपचारात नाव आहे. १९४०च्या दशकात इरा आल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञांनी 'आयसो' तत्त्व मांडलं. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीताने सुरुवात करायची आणि मग हळूहळू संगीत बदलत त्याला पाहिजे तिकडे न्यायचं. उदास माणसाला एकदम नाचाचं गाणं लावून दिलं तर तो चिडतो. आपल्याकडे दुःखात भेटायला येणारी जाणती बाई हेच करते. ती आल्या आल्या 'चला, आता सावरा' असं म्हणत नाही. आधी शेजारी बसते, डोळे पुसते, गेलेल्या माणसाची एखादी आठवण काढते, मग सवयी निघतात, मग एखादी खोड निघते, कुणीतरी हसतं, आणि तेवढ्यात ती म्हणते, 'चहा टाकू का थोडा?'

हे वाचल्यापासून मी लेकीच्या 'रडू'कडे जरा आदराने बघते. तिला विचारून ऐकलीसुद्धा. पहिली गाणी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं आता घरात जेवण होणार नाही. पण शेवटाकडे जाता जाता वेग वाढत गेला, एक गिटार आली, आणि शेवटचं गाणं चक्क टाळ्या वाजवायचं निघालं.

'अगं, हे रडायचं कुठे आहे?'

'आई, तोपर्यंत रडून झालेलं असतं.'

'रडू २'मध्ये हे शेवटचं गाणं नाही. त्याचं कारण मी अजूनही विचारलेलं नाही.

तर प्लेलिस्टचा सगळा खेळ क्रमात आहे, असं माझं मत होत चाललंय. गाणी काय, सगळ्यांकडे तीच असतात. कॅसेटच्या दुकानात चिठ्ठी देऊन साठ मिनिटांची कॅसेट भरून घ्यायचो, तेव्हा हे आपोआप कळायचं, कारण अर्ध्या तासात एक बाजू संपायची आणि शेवटचं गाणं अर्ध्यात तुटू नये म्हणून कागदावर बेरजा कराव्या लागायच्या. आता बेरीज नाही, आणि काही फुकटातल्या अ‍ॅपमध्ये तर क्रमच आपल्या हातात नाही. ती शफल करूनच देतात. वर प्लँक करताना, कोपरं थरथरत असताना, कर्ज घेण्याची जाहिरात.

शफलने काय होतं ते पाहायचं तर घरच्या गणपतीपुढच्या आरत्या घ्या. कुणी बसून ठरवलेलं नाही, पण काय बेतशुद्ध यादी आहे! 'सुखकर्ता'ने सगळ्यांना उठवायचं, टाळ-झांजा शोधेपर्यंत मध्यम लय. मग शंकराची, देवीची. एव्हाना अंग तापलेलं. मग 'येई हो विठ्ठले', त्यात कोण किती वेळ सूर धरून ठेवतो याची काकालोकांत चुरस. माझ्या मते श्वासाचा इतका उत्तम व्यायाम कुठल्या जिममध्ये मिळत नाही. त्यानंतर 'घालीन लोटांगण', पहिल्या ओळीपासून वेग चढता, टाळ्या चढत्या, शेवटच्या हरे रामापर्यंत पोरं उड्या मारायला लागलेली. आणि मग एकदम मंत्रपुष्पांजली, संथ, हातात फुलं, श्वास जागेवर. वॉर्म-अप, सेट, कमाल, कूल-डाउन, सगळं जिथल्या तिथे. आता हे शफल करा. मंत्रपुष्पांजली पहिल्यांदा लागली तर अर्धी मंडळी फुलं वाहून मोदकाकडे वळतील, आणि पुढच्या आरत्या भटजींनी एकट्याने म्हणायच्या.

हे सगळं मी आमच्या जिममधल्या ट्रेनरला सांगितलं. मुलगा लालबागचा, ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, त्यामुळे विषय त्याच्या घरचाच. माझी वजनांची यादी त्याने कानाला लावून ऐकली. पहिल्याच गाण्यात ताशा होता, मला वाटलं खूश होईल.

'ताई, ताशा इथे नाय लावायचा. आम्हीपण मंडपातून निघतो तेव्हा आरामात निघतो. चढवायचं ते नाक्यावर. तुम्ही निघतानाच नाक्यावरचं वाजवलंत, तर पुढे काय वाजवणार?'

त्याने अंगठ्याने ताशा खाली ओढून तिसऱ्या स्क्वॉट्सच्या सेटवर नेऊन ठेवला. कोळीगीत वर आणलं. एक हिंदी गाणं, माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं, मला विचारून काढून टाकलं. मी 'राहू दे' म्हटलं, तर म्हणाला, 'ताई, यात तुम्ही सेट विसरून आरशात बघत बसता.' चतुर्थीपासून दहा दिवस तो जिमला येणार नाही हेही त्याने तेव्हाच सांगून टाकलं. कमरेला ढोल बांधून सहा-सहा तास चालणाऱ्यांच्या बरोबरीने चालायचं, म्हणजे त्याचा रोजच लेग डे.

'आणि विसर्जनानंतर कूल-डाउनला काय लावता?' मी विचारलं.

'काय नाय लावत, ताई. कानात दोन दिवस ताशाच वाजत असतो. वडापाव खायचा आणि झोपायचं.'