डिस्क १००%, पण करतंय कोण?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना भडक १००% दाखवतो आणि खाली एकाही प्रोसेससमोर (चालू प्रोग्रॅमसमोर) २-३ एमबीच्या वर आकडा नसतो. मग डिस्क खातंय कोण?

तो टक्का वेगाचा नाही, वेळेचा आहे. डिस्क किती वेळ कामात अडकलेली होती, एवढंच तो सांगतो. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या) लॅपटॉप हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला ११ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, शिवाय हेड सरकायला १०-१२ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला ६०च्या आसपास. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं, तर सेकंदाला जेमतेम २४० केबीत डिस्कचा दम निघतो. म्हणून एमबीचा आकडा बघून चोर पकडायला जाऊ नका.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमधून रिसोर्स मॉनिटर उघडा (विंडोज १० मध्ये दुवा तळाशी आहे) आणि डिस्क टॅबवर जा. खरी माहिती मधल्या 'डिस्क ॲक्टिव्हिटी' तक्त्यात असते: कोणती प्रोसेस, कोणती फाइल, रिस्पॉन्स टाइम (डिस्कने उत्तर द्यायला घेतलेला वेळ) किती. वर एखाद्या प्रोसेससमोर टिक केली की खाली फक्त तिच्याच फाइली उरतात. रिस्पॉन्स टाइमवरून दोषी ठरवण्याची घाई मात्र नको; डिस्कपुढची कामांची रांग लांबली की बिचाऱ्या नोटपॅडचाही चढतो. शेकडो वेगवेगळ्या फाइलींच्या ओळी कोणाच्या नावावर आहेत ते बघा. बहुतेक वेळा अँटिव्हायरस, सर्च इंडेक्सर (शोधासाठी फाइलींची यादी बनवणारा) किंवा बॅकअप निघतो.

सगळ्यात जास्त गोंधळ 'सिस्टीम' नावाची विंडोजची स्वतःची प्रोसेस, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ४, हिच्यामुळे होतो. प्रोग्रॅमने लिहिलेलं विंडोज आधी कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या जागेत ठेवतं आणि नंतर सिस्टीमच्या नावावर डिस्कवर उतरवतं. त्यामुळे इथे प्रोसेसचं नाव सोडा, फाइलचा पूर्ण पाथ (पत्ता) वाचा; फोल्डरवरून खरा मालक कळतो. फाइल पेजफाइल (रॅममध्ये न मावणारं ठेवण्याची डिस्कवरची फाइल) असेल, तर रॅम कमी पडतेय. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सच्या (रॅममध्ये नसलेलं डिस्कवरून आणावं लागण्याच्या) रकान्यावर क्लिक करून क्रम लावा, रॅमसाठी झगडणारा प्रोग्रॅम वर येतो. अशा वेळी सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे विंडोजचे प्रोग्रॅम) बंद करत बसण्यात अर्थ नाही. रॅम वाढवा नाहीतर ब्राउझरचे टॅब मिटा.

एसव्हीसीहोस्ट (सर्व्हिसेस चालवणारी प्रोसेस) दिसला तर त्याचा पीआयडी घेऊन टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये शोधा. सिसमेन (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सर्व्हिस) निघाली तर आधी नुसती स्टॉप करून बघा, लगेच डिसेबल नको. टायवर्कर नावाची प्रोसेस दिसली म्हणजे विंडोजचं अपडेट बसतंय. ते मध्येच मारू नका.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये 'आय/ओ रीड बाइट्स' (किती वाचलं) हा रकाना जोडता येतो, पण तो फसवा आहे. त्यात नेटवर्कची आणि कॅशमधून भागलेली वाचनंही मोजली जातात, तीही प्रोसेस सुरू झाल्यापासूनची.

क्षणभर उसळून गायब होणाऱ्या हालचालीसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातला प्रोसेस मॉनिटर हवा. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, कंट्रोल + ई दाबून थांबवा आणि टूल्समध्ये 'फाइल समरी' उघडा. जास्त वेळ चालू ठेवला तर तोच मेमरी भरून डिस्कला कामाला लावतो.

आता उरला तो प्रकार, ज्यात १००% आहे, रीड-राइट जवळपास शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंद. इथे दोषी प्रोसेस शोधून सापडणार नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज लॉग्स, त्यात सिस्टीम उघडा. इव्हेंट ७ म्हणजे बॅड ब्लॉक (डिस्कवरची खराब जागा), १५३ म्हणजे विनंती पुन्हा करावी लागली, १२९ म्हणजे डिस्क रिसेट केली. नुसते १२९ आणि १५३ असतील तर डेस्कटॉपवर आधी साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदलून बघा. ७ दिसला तर पहिलं काम महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढण्याचं. चेकडिस्क या विंडोजच्या साधनाचा बॅड सेक्टर (खराब जागा) शोधणारा स्कॅन त्यानंतरच, कारण तो अख्खी डिस्क वाचून काढतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.