चाचणीत चालतं, सर्व्हरवर पडतं

मंगळवार, रात्री उशिरा

टीममधल्या नव्या मुलीचा पायथन भाषेतला प्रोग्राम पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाच्या सगळ्या चाचण्या पास व्हायचा आणि सर्व्हरवर सुरू होताच पडायचा. एरर अशी: ‘एक्सएमएल’ मॉड्यूलला (पायथनसोबत येणाऱ्या तयार कोडला) ‘ईट्री’ नावाचा ॲट्रिब्यूटच (त्याला जोडलेला भागच) नाही. कोड तोच, पायथनचं व्हर्जनही तेच. तिने बिचारीने एन्व्हायर्नमेंट पुसून नव्याने उभं केलं, पाथ तपासले. काही फरक नाही.

कोडमध्ये वर नुसतं ‘इम्पोर्ट एक्सएमएल’ (ते मॉड्यूल आण) होतं आणि खाली थेट ‘एक्सएमएल.ईट्री.एलिमेंटट्री’ वापरलेलं. पॅकेज, म्हणजे पोटात आणखी मॉड्यूल्स असलेलं मॉड्यूल, इम्पोर्ट केलं की फक्त त्याची इनिट (सुरुवातीची) फाइल चालते. आतली सबमॉड्यूल्स आपोआप येत नाहीत. एक्सएमएलच्या इनिट फाइलमध्ये ‘ऑल’च्या यादीत ईट्रीचं नाव आहे खरं, पण ती यादी स्टार इम्पोर्टपुरतीच, म्हणजे ‘फ्रॉम एक्सएमएल इम्पोर्ट *’ लिहिलं तरच.

मग चाचणीत कसं चाललं? इथे मी बराच वेळ अडलो होतो. पायटेस्टला जेयुनिटच्या (जावाच्या चाचणी-साधनाच्या) धाटणीचा एक्सएमएल रिपोर्ट काढायची सोय ठेवायची असते, म्हणून तो स्वतःच एलिमेंटट्री इम्पोर्ट करतो. सबमॉड्यूल कुणीही लोड केलं तरी पायथन ते मूळ पॅकेजला ॲट्रिब्यूट म्हणून जोडून ठेवतो, आणि ‘सिस.मॉड्यूल्स’ (लोड झालेल्या मॉड्यूल्सची नोंद) संपूर्ण प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रामचं, एकच. शेजाऱ्याने भरलेल्या पाण्यावर आपलं घर चालावं, तसं झालं होतं.

सगळी सबमॉड्यूल्स उगाच लोड न करणं मला पटतं. प्रोग्राम लवकर सुरू होतो. पण दुसऱ्याच्या इम्पोर्टवर तगून राहिलेला कोड फार घातक, कारण तो पडेपर्यंत कळतच नाही. त्यात फाइलचे पत्ते हाताळणाऱ्या ‘ओएस.पाथ’ने सगळ्यांनाच सवय लावलेली. तिथे ओएस स्वतःच पाथ आणून ठेवतो, म्हणून ‘इम्पोर्ट ओएस’ पुरतं. तो नियम नव्हे, अपवाद.

खात्री करायला तिला नवी प्रोसेस उघडून ‘पायथन -सी’ने (कोड थेट कमांडमध्येच देऊन) तेवढ्याच दोन ओळी चालवायला सांगितल्या. एरर लगेच आली. ‘इम्पोर्ट एक्सएमएल.ईट्री.एलिमेंटट्री’ असं पूर्ण लिहिलं आणि सर्व्हरवरही काम झालं. जाता जाता तिचा रिलेटिव्ह इम्पोर्टचा (आपल्याच पॅकेजमधलं मॉड्यूल टिंब लावून आणण्याचा) प्रश्नही सुटला: पॅकेजमधली फाइल थेट चालवली तर पायथनला तिचं मूळ पॅकेज कळत नाही, ‘पायथन -एम’ने, म्हणजे मॉड्यूलच्या पूर्ण नावाने, चालवावी.

उद्या सकाळी आख्ख्या प्रोजेक्टमध्ये नुसतं ‘इम्पोर्ट इम्पोर्टलिब’ आणि ‘इम्पोर्ट कॉन्करंट’ कुठे कुठे आहे ते शोधायचंय. दोन्हींची जात हीच.