फैजपूरचं बांबूचं नगर

भारतातल्या ऐतिहासिक बांधकामांची कुठलीही यादी काढा, त्यात ताजमहाल असतो, मुंबईचं व्हीटी असतं, राष्ट्रपती भवन असतं, चंदीगड असतं. आपल्या खान्देशाचं त्यात काहीच नसतं आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण एक नाव तिथे हक्काने यायला पाहिजे, ते म्हणजे फैजपूरचं टिळकनगर. आज जाऊन बघायला तिथे काही नाही हे मान्य, पण ते उभंच केलं होतं थोड्या दिवसांपुरतं, काँग्रेसच्या एका अधिवेशनासाठी.

डिसेंबर 1936, काँग्रेसचं 50वं अधिवेशन. 1885 पासून ही अधिवेशनं शहरांतच व्हायची, यावेळी गांधीजींनी खेडंच पाहिजे असा हट्ट धरला आणि मान मिळाला जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या फैजपूरला. धनाजी नाना चौधरींसारखे इथले कार्यकर्ते तयारीत पुढे होते, अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. म्हणजे देशभरातून येणाऱ्या हजारो माणसांची राहायची, जेवायची, सभेची, प्रदर्शनाची सोय एका खेड्याच्या शिवारात करायची होती, आणि गांधीजींची अट अशी की सामान इथलंच वापरायचं आणि हातही इथल्याच कारागिरांचे!

हे काम त्यांनी दिलं कोणाला, तर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसना. नंदलालबाबू चित्रकार, त्यांनी आधी सांगून बघितलं की बांधकाम हा माझा प्रांत नाही, पण गांधीजींनी ऐकलं नाही. लखनौच्या अधिवेशनातलं प्रदर्शन त्यांनी सजवलेलं होतं, त्यामुळे माणूस कसा आहे ते गांधीजींना चांगलं माहीत होतं. मग बांबू, चटया, गवत आणि दोर एवढ्यावर मांडव आणि कमानी उभ्या राहिल्या.

आता बांबू म्हटलं की लोकांना ते तात्पुरतं, गरिबाचं काम वाटतं. मी सिव्हिलवाला आहे, साइटवर रोज स्टील-सिमेंट बघतो, तरी सांगतो बांबू सोपा नाही. आतून पोकळ, त्यामुळे हलका, पण प्रत्येक पेराला आतून पडदा असतो आणि सगळी ताकद त्या पेरात. जिथे वजन बसणार तिथे पेराच्या लगेच वर कापायचं, नाहीतर तोंड चिरतं, आणि दोर बांधायचा तोही पेराजवळ म्हणजे घसरत नाही. आमच्याकडचे बुरूड कोयत्याने बांबू उभा फाडून कामट्या काढतात आणि बघता बघता तट्टी विणून मोकळे होतात, त्याच तट्टीला शेणमातीचा लेप दिला की कुडाची भिंत तयार. केळीला घड लागला की बागेत टेकूही बांबूचाच! हे सगळं ज्ञान इथल्या हातांत आधीच होतं, नंदलालबाबूंनी त्याला सार्वजनिक वास्तूचा मान दिला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

आणि हे कधी, तर नवी दिल्लीच्या उद्घाटनानंतर अवघ्या पाच वर्षांनी. 1931 ला उद्घाटन झालेल्या त्या राजधानीत ब्रिटिश वास्तुकार लुटियन्सचं 340 खोल्यांचं व्हाइसरॉय हाउस, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, दगडात उभं होतं, सत्ता किती मोठी आहे हे दाखवायला. 1936 ला फैजपुरात गवताच्या आणि तट्ट्यांच्या नगरात बसून शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मंजूर झाला, कूळ, शेतसारा, कर्ज, सगळ्यावर चर्चा. एवढ्या मोठ्या प्रश्नांवर देशाने बोलायचं तर त्यासाठी दगडी घुमट लागत नाही हे त्या मांडवाने दाखवून दिलं. इंजिनिअरिंगला असताना लुटियन्स आम्हाला शिकवला, चंदीगडवाला ल कॉर्ब्युझिए शिकवला, पण भुसावळपासून इतक्या जवळच्या या कामाबद्दल वर्गात एक अक्षर कोणी काढलं नाही, ही खंत अजून आहे.

पुढे 1938 ला गुजरातेत हरिपुऱ्याचं अधिवेशन झालं, तेही खेड्यात, तापीकाठी, आणि सजावट पुन्हा नंदलालबाबूंचीच. त्यांची हरिपुरा पोस्टर्स आज कलेच्या पुस्तकांत असतात, फैजपूरचं नाव मात्र राजकारणाच्या इतिहासात एका ओळीत संपतं.

सावदा, यावल, रावेर, भुसावळ भागातल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. घरात जुनी ट्रंक, फ्रेम, आजोबांचे कागद असतील तर एकदा बघाच. टिळकनगरचा फोटो, पास, पावती, काहीही सापडलं तर स्कॅन करून ठेवा आणि मला कळवा, कमानीची उंची, मांडवाची रचना, बांधणी कशी होती, फोटो स्वच्छ असेल तर यातलं बरंच काही मोजून काढता येतं आणि ते ड्रॉइंग मी स्वतः करायला तयार आहे.