केसाळ सतरंज्या आणि कातडी: मे महिन्यातल्या धुलाईची नोंद

सध्या तीन नग हातात आहेत: धनगरी लोकरीची काळी घोंगडी, बकरीच्या केसांची जाड सतरंजी आणि केसांसकट कमावलेलं बोकडाचं कातडं. तिन्हींवर केसच आहेत, पण पाणी लावायचं की नाही हे केसांवरून ठरत नाही, खालच्या तळावरून ठरतं. विणलेल्याला पाणी चालतं; कातड्याचं आधी तपासावं लागतं.

घोंगडी धुऊन झाली. बिया काढलेला 100 ग्रॅम रिठा 2 लिटर पाण्यात रात्रभर भिजवला, सकाळी पंधरा मिनिटं उकळून, गाळून, थंड करून 40 लिटर पाण्यात मिसळला. पांढऱ्या लोकरीवर रिठ्याची पिवळट झाक चढते, तिथे सौम्य शाम्पू बरा. धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर लोकरीच्या जवळ आणू नये. सोड्याने धागा कमकुवत होतो, ब्लीचिंगने तर विरघळतोच. डाग खाणारे एन्झाइम असलेली पावडरही नको. लोकर प्रथिनाची असते आणि ते एन्झाइम प्रथिनच तोडतात.

पाणी 30 अंशांच्या आसपास हवं. नागपुरात मे महिन्यात ही अट सोपी नाही, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते आणि तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला गोळीव थर, होतो. तो पुन्हा उलगडत नाही. म्हणून पाणी पहाटेचं घ्यावं, घोंगडी वीस मिनिटं भिजवून फक्त दाबावी. पिळायची नाही, आपटायची नाही. खंगाळायचं पाणीही त्याच तापमानाचं ठेवावं. शेवटच्या पाण्यात दर 10 लिटरला 50 मिली पांढरा व्हिनेगर टाकला की साबणाचा अंश निघतो.

नवी घोंगडी असेल तर पहिल्या पाण्यात बुळबुळीतपणा येतो. ती ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली चिंचोक्याची खळ. ती निघाली की घोंगडी मऊ पडते. ज्यांना कडकपणा हवा आहे त्यांनी धुवू नये, झटकून ऊन दाखवावं. वाळवताना दोरीवर टाकली तर स्वतःच्या वजनाने ताणते. बाजेवर पसरावी, सावलीत. हाताला कोरडी वाटली तरी लगेच घडी करू नये. लोकर बरीच ओल पोटात ठेवते आणि ती वरून कळत नाही.

बकरीच्या केसांची सतरंजी तुलनेने सोपी. हा केस गुळगुळीत आणि जाड असतो, लोकरीसारखा आटत नाही; मात्र मुळाशी रेती साचते आणि तिचे कण केस कापतात. केस गळतात म्हणून अनेकजण वारंवार धुतात, त्याने काही साधत नाही. सतरंजी बाजेवर पालथी टाकून मागून काठीने झोडपली, रेती पडायची थांबली, मगच पाणी लावलं.

सगळ्यात जास्त वेळ कातड्यात जातो. आधी कापलेली कड बघावी. आतून निळसर राखाडी असेल तर क्रोमने (क्रोमियमच्या क्षाराने) कमावलेलं, त्याला थोडं पाणी सोसतं. तपकिरी असेल तर झाडाच्या सालीने, त्याला ओल कमीत कमी. पांढरं शुभ्र असेल तर बहुधा तुरटीचं. तुरटी पाण्यात धुऊन निघते आणि कातडं वाळल्यावर पापडासारखं कडक होतं. हातातलं कातडं तुरटीचंच आहे, त्यामुळे हे काम कोरडंच: केसांच्या दिशेने ब्रश, पूर्ण सुकी मुलतानी माती चाळून भुरभुरायची, दोन तास ठेवून व्हॅक्यूमने ओढायची, मग पुन्हा ब्रश. केस गडद असतील तर आधी कोपऱ्यात बघावं, माती मुळाशी पांढरट राहते. मक्याचं पीठ नको, राहिलेल्या पिठावर किडे येतात.

कातडं पावसाळ्यात ओलसर, चिकट लागत असेल तर ते बहुधा घरी मीठ लावून ठेवलेलं असतं. मीठ हवेतली ओल ओढतं. केसांचा पुंजका हलक्या ओढीने मुळासकट आणि वासासकट निघाला, तर कातडं कुजायला लागलेलं आहे. ते वाचत नाही. कूलरच्या थेट झोतात आणि उन्हात, दोन्हीकडे कातडं ठेवू नये: एकीकडे बुरशी, दुसरीकडे भेगा. खोबरेल किंवा मोहरीचं तेलही लावू नये, ते खवट होतं.

जुन्या वाड्यांमधून चितळाचं, काळविटाचं, बिबट्याचं कातडं कुणी धुवायला आणलं तर हात लावू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय ते बाळगणंच गुन्हा आहे. आणणाऱ्याला सरळ वनविभागाकडे पाठवावं.

कसरीचा, म्हणजे लोकर आणि केस खाणाऱ्या किडीचा, बंदोबस्त अजून बाकी आहे. विणलेले दोन्ही नग काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून भर दुपारी गच्चीवर ठेवायचे. आतल्या घडीतही 50 अंशांच्या वर काही तास गेले की अळी आणि अंडी दोन्ही मरतात. आतलं तापमान थर्मामीटरने बघावं, अंदाजाने नाही. नुसता कडुलिंबाचा पाला ठेवून अळी मरत नाही. कातड्याला ही उष्णता सोसणार नाही. ते हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच ठेवायची, नाहीतर दमट हवेचं पाणी थेट कातड्यावर धरतं. मग केस बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळायचं, घडी कधीच नाही.